‘पण हे सायन्स आहे का हो?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये मी ३१ वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी ठाण्यात नौपाड्याला दहावी-बारावीच्या मुलांबरोबर बसतो. दहावीचा निकाल लागला की मुलांपेक्षा पालकच जास्त येतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगताना घसा बसतो, म्हणून हे लिहून ठेवलंय. आठवले तसे प्रश्न घेतलेत, क्रम शोधू नका.

एका वाक्यात सांगा ना, कुठले विषय सायन्स आणि कुठले नाहीत?

भौतिक, रसायन, जीव, भूगर्भ, खगोल यांच्याबद्दल कोणी भांडत नाही. हात बघून भविष्य सांगणं सायन्स नाही, यावर निदान माझं तरी कोणाशी भांडण नाही. अडचण आहे ती मधल्या सगळ्या विषयांची. तिथे मी विषयाचं नाव बघत नाही. या विषयातला माणूस चुकला तर ते कळतं कसं, कोणाला कळतं आणि कळल्यावर पुढे काय होतं, एवढंच विचारतो. क्वालिटी कंट्रोलवाल्याची खोड म्हणा.

पण अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र... सगळ्यांच्या शेवटी ‘शास्त्र’ आहे की!

पाकशास्त्राच्या शेवटीही आहे. नाट्यशास्त्र, धर्मशास्त्र, वास्तुशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, कोणालाच आपण नाही म्हटलेलं नाही. शास्त्र म्हणजे मुळात शिकवण, नियमांची नीट लावलेली मांडणी. नियम खरे की खोटे हा प्रश्न त्या शब्दात येतच नाही. तिन्हीसांजेला नखं कापू नयेत, का? तर ‘शास्त्र असतं ते’.

गंमत अशी, की आपण मानसशास्त्र आणि राज्यशास्त्र म्हणतो, तर हिंदीवाले मनोविज्ञान आणि राजनीति विज्ञान म्हणतात. म्हणजे ठाण्याला गाडीत चढलेलं मानसशास्त्र इटारसीला उतरेपर्यंत आपोआप विज्ञान होतं. उलट आपलं पदार्थविज्ञान हल्ली भौतिकशास्त्र झालंय, त्यानं त्याचं काही बिघडलं नाही. जर्मन भाषेत तर साहित्याच्या अभ्यासालाही विज्ञानाचाच शब्द लावतात. ‘सायन्स’चा आजचा आखूड अर्थ इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात रुळला. १६८७ साली न्यूटननं आपलं काम ‘निसर्गाचं तत्त्वज्ञान’ म्हणून छापलं. ‘सायंटिस्ट’ हा शब्द विल्यम ह्युएलनं काढला १८३०च्या दशकात, तोवर न्यूटनला जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. नावावर जाऊ नका, एवढंच.

मग डिग्रीवर जावं का? बीएस्सी म्हणजे सायन्स, बीए म्हणजे नाही?

गणितात एमएही होता येतं आणि एमएस्सीही. दोघांचे सिद्धांत तेच. राज्यशास्त्राच्या इंग्रजी नावात ‘सायन्स’ आहे आणि डिग्री मात्र बीएची मिळते. त्या टोप्या विद्यापीठाच्या कार्यालयात शिवल्या जातात.

ज्या विषयात प्रयोगच करता येत नाही, तो सायन्स कसा?

हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचं उत्तर आपल्या पनवेलच्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनजवळ आहे. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं, हे तिचं काम. यात प्रयोग काय करणार? सूर्याला सांगून वादळ आणता येत नाही.

गोष्ट कुलाब्यापासून सुरू होते. तिथली वेधशाळा १८२६ची आणि चुंबकीय नोंदी १८४१पासूनच्या. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरून प्रचंड चुंबकीय वादळ आलं, ते कुलाब्याच्या नोंदींत पकडलं गेलं. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही जगभरातून त्याच आकड्यांकडे येतात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. तारांतल्या विजेनं चुंबकीय नोंदी बिघडणार. मग वेधशाळा अलिबागला हलवली, १९०४ साली.

इथे माझ्यातला क्यूसीवाला खूश होतो. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. आमच्याकडे नवा तराजू आला की जुना लगेच भंगारात जात नसे. तोच नमुना दोन्हींवर तोलायचा, फरक वहीत लिहायचा आणि मगच जुना हलवायचा. ती वही नसेल तर उद्या आकडा बदलला तेव्हा माल बदलला की तराजू, हे कोणी सांगावं? कुलाबा-अलिबागच्या माणसांनी हा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी केला, म्हणून १८४१पासूनची मालिका जोडून वाचता येते.

कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना पारसिकचा डोंगर लागतो. तो लाव्हाचा, दख्खनच्या ज्वालामुखींतून साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचलेला. तो प्रकार कोणी पुन्हा करून दाखवणार नाही, आणि दाखवूही नये. पण दगड तिथेच आहे, कोणीही तुकडा नेऊन वय काढावं. ‘पुन्हा करून दाखवा’ हा हट्ट सगळीकडे चालत नाही, ‘पुन्हा मोजून दाखवा’ मात्र चालतो.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर म्हणतो, जे खोटं ठरवता येतं तेच विज्ञान. मग एवढा घोळ कशाला?

हा प्रश्न बारावीतली वाचणारी मुलं विचारतात, पालक नाही. पॉपर तरुणपणी व्हिएन्नात होता. १९१९च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ किती वाकतो ते मोजलं गेलं. आकडा वेगळा आला असता तर आइन्स्टाइनचा सिद्धांत आपटला असता. मनोविश्लेषण करणारे फ्रॉइड आणि ॲडलर यांच्या सिद्धांतांचं तसं नव्हतं. माणूस काहीही वागला तरी त्यांच्याकडे स्पष्टीकरण तयार. पॉपरला हा फरक खुपला आणि त्यानं त्याचा नियम केला.

नियम छान आहे, पण शास्त्रज्ञ तो पाळत नाहीत. युरेनस न्यूटनच्या गणितानुसार फिरत नव्हता. म्हणून कोणी न्यूटनला खोटं म्हटलं नाही, पलीकडे आणखी एक ग्रह असेल म्हणाले. लव्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं गणित मांडलं आणि १८४६मध्ये नेपच्यून सापडला. मग बुधाची चालही बिघडलेली दिसली, तेव्हा त्याच लव्हेरिएनं सूर्याजवळ आणखी एक ग्रह कल्पिला, त्याला व्हल्कन नावही दिलं. तो कधीच सापडला नाही. तिथे खरंच न्यूटन अपुरा होता, हे पुढे आइन्स्टाइनमुळे कळलं. पहिल्या दिवशी या दोन प्रसंगांत फरक काय होता? काहीच नाही. म्हणून मी एका फटक्यात निकाल देत नाही. तो विषय पन्नास वर्षं कसा वागला, ते बघतो.

ज्योतिषात एवढं गणित असतं, ते सायन्स नाही कसं म्हणता?

पंचांगातलं ग्रहण मिनिटाला बरोबर येतं, ते खगोलगणित आहे आणि त्याला माझा नमस्कार. प्रश्न पुढच्या उडीचा आहे, ग्रह तिथे म्हणून मुलगा हुशार, या उडीचा.

आणि ही उडी तपासता येत नाही असंही नाही. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांसह ती तपासली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या: ओळखा, कुठली कोणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवलं तर चाळीसपैकी वीस बरोबर यावीत. ज्योतिषांची सरासरी सतराच्या आसपास आली, सगळ्यांत चांगला आकडा २४. एका संस्थेनं दोनशेच्या दोनशे पत्रिका पाहिल्या, १०२ बरोबर आल्या.

मला हा निकाल एवढा महत्त्वाचा वाटत नाही, जेवढं त्यानंतर काय झालं ते वाटतं. काहीच झालं नाही. एकही नियम गाळला गेला नाही, कुठला योग चुकीचा मानायचा यावर बैठक बसली नाही. २००१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ‘ज्योतिर्विज्ञान’ हा अभ्यासक्रम आणला आणि २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो अडवला नाही, हे मला दरवेळी ऐकवलं जातं. अभ्यासक्रम काय असावा हे आयोगानं ठरवलं. त्यानं पत्रिकेत काही फरक पडत नाही.

मुलीला ९४ टक्के आहेत आणि ती मानसशास्त्र म्हणतेय. ते सायन्स आहे का?

दर जूनमध्ये निदान चार घरांतून हा प्रश्न येतो. त्यामागे अर्धी शंका विषयाची असते आणि अर्धी ‘लोक काय म्हणतील’ची. आमच्या गावाची पंचाईत तुम्हाला माहीत आहेच. ‘ठाण्याला पाठवायला हवं’ याचा अर्थ उभ्या महाराष्ट्रात एकच होतो.

विषयावर आरोप काय आहे ते आधी मांडतो. २०१५मध्ये संशोधकांच्या मोठ्या गटानं मानसशास्त्रातले शंभर छापील अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी जवळजवळ सगळ्यांनी ‘परिणाम ठळक आला’ म्हटलं होतं. पुन्हा केल्यावर तो शेकडा ३६मध्येच आला. बातमी फुटली आणि सगळे म्हणाले, बघा, हे सायन्स नाहीच.

असं का होतं ते मला कारखान्यात कळलं होतं. एकदा एक बॅच टेस्टमध्ये फेल झाली. कंपनीचं नाव सांगत नाही. साहेब म्हणाले, ‘रिटेस्ट करा.’ केली, फेल. ‘परत करा.’ पाचव्यांदा आकडा मर्यादेत बसला. ‘हाच लिहा.’ मी लिहिला नाही, त्यावरून बरंच रामायण झालं, ते इथे नको. मुद्दा असा, की पाचवा आकडा खोटा नव्हता. मशिननं तो खरंच दिला होता. आधीचे चार लपवणं ही लबाडी होती. मानसशास्त्रात पुष्कळ वर्षं असंच चाललं. वीस तऱ्हांनी हिशेब करायचा, जो ठळक येईल तो छापायचा. कित्येकांना आपण लबाडी करतोय हे कळतही नव्हतं.

आता दुसरी बाजू. २०१२मध्ये एका मोठ्या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की कर्करोगावरचे गाजलेले ५३ प्रयोगशाळेतले शोध त्यांनी पुन्हा करून पाहिले आणि त्यांतले फक्त सहा टिकले. म्हणून कर्करोगाचं जीवशास्त्र सायन्स नाही, असं कोणी म्हटलं का? खारघरला कर्करोगावर संशोधन करणारं एवढं मोठं केंद्र आहे, त्याच्या दारात उभं राहून म्हणून बघा. आणि मानसशास्त्राची ती तपासणी मानसशास्त्रज्ञांनीच केली होती. आपल्याच विषयाचं हसं होईल हे माहीत असून केली आणि आकडे उघड्यावर ठेवले. त्यानंतर अभ्यास सुरू करण्याआधीच ‘आम्ही काय मोजणार आणि हिशेब कसा करणार’ हे नोंदवून ठेवायची पद्धत तिथे रुजू लागली. ज्योतिषाशी ताडून पाहा. मुलीला जाऊ द्या. फक्त तिला संख्याशास्त्र चांगलं शिकायला सांगा, तिथे पळवाट नाही.

अर्थशास्त्राला नोबेल मिळतं, म्हणजे ते सायन्सच ना?

नोबेल साहित्याला मिळतं आणि शांततेलाही. शिवाय अर्थशास्त्राचं पारितोषिक आल्फ्रेड नोबेलच्या मृत्युपत्रातलं नाही. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेनं ते १९६८मध्ये सुरू केलं.

अर्थशास्त्राला मी सरसकट पास किंवा नापास करत नाही, बॅचप्रमाणे बघतो. मुंबई आणि बडोद्यातल्या शाळांत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम झाला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी तरुण ताई वेगळं बसवून शिकवायची. कुठल्या शाळेला ताई मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि मग दोन्हीकडच्या मुलांचे गुण ताडून पाहिले. हे करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, २०१९चं पारितोषिक अशाच पद्धतीसाठी मिळालं. नव्या औषधाची चाचणी याहून वेगळी नसते.

आणि २०१०मधला तो निबंध घ्या. देशाचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, असं दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी मांडलं आणि देशोदेशीचे मंत्री ते घेऊन खर्चकपातीची भाषणं करू लागले. २०१३मध्ये थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांची मूळ फाइल मागून घेतली आणि बघितलं, तर सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहिल्या होत्या. इतरही काही गोष्टी निघाल्या, हिशेब बदलला. लाज वाटावी अशीच चूक. पण विद्यार्थी प्राध्यापकांची फाइल मागतो आणि त्याला ती मिळते! माझ्या साहेबांकडे मागून बघायची होती.

टीव्हीवर बसून ‘पुढच्या दिवाळीपर्यंत सेन्सेक्स इतका’ सांगणाऱ्यांबद्दल विचारत असाल, तर वरचा ज्योतिषाचा प्रश्न पुन्हा वाचा.

इतिहास आणि समाजशास्त्र तर मतांचेच विषय, नाही का?

समाजशास्त्रातल्या आपल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या. गुरू होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेच्या कल्पना मांडणारे वजनदार गृहस्थ. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण इतरांपेक्षा वेगळी आणि म्हणून बुद्धीही वेगळी, हे बाईंनी मोजून सिद्ध करावं अशी अपेक्षा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्याच्याशी संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. गुरूच्या शहरात, गुरूच्याच संस्थेत बसून. भौतिकशास्त्रातही असं धैर्य रोज दिसत नाही.

इतिहासात दामोदर कोसंबींचं नाव घेतो. मूळचे गणिती. नाणी हातोहात फिरून झिजतात आणि झिजली की वजन घटतं, एवढं साधं निरीक्षण. त्यांनी प्राचीन चांदीची नाणी अचूक तराजूवर तोलली, संख्याशास्त्र लावलं आणि कुठली नाणी आधीची, कुठली नंतरची याचा क्रम लावला. आता शिवाजी महाराजांच्या मनात अमुक क्षणी काय होतं, हा प्रश्न तराजूवर मावत नाही. तिथे इतिहासकार कागद वाचून, ताडून, अंदाज करतो. दोन्ही इतिहासच. एकाला सायन्स म्हणा, दुसऱ्याला न म्हणा, इतिहासाचं काही अडत नाही.

आर्ट्समधला असा एखादा विषय सांगा, जो तुम्हाला पक्का सायन्स वाटतो.

भाषाविज्ञान, एका क्षणात सांगतो. फर्दिनां द सोस्यूर या एकवीस वर्षांच्या पोरानं संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची क्रियापदं ताडून १८७९च्या सुमाराला म्हटलं, की या सगळ्यांच्या मूळ भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत, जे आता कुठेच उरलेले नाहीत. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. नंतर तुर्कस्तानात मातीच्या विटांवर कोरलेली हित्ताइट भाषा वाचता आली आणि १९२७मध्ये कुरिलोविच या पोलिश अभ्यासकानं दाखवलं, की सोस्यूरनं सांगितलेल्या काही जागी तिथे खरोखरच एक ‘ह’सारखा वेगळा ध्वनी लिहिलेला आहे. हा नेपच्यूनच झाला की, फक्त दुर्बिणीऐवजी धातुरूपावली! आमच्या शाळेत ‘भवति भवतः भवन्ति’ घोकून घेणाऱ्या बाईंनी हे सांगितलं असतं तर मी केमिस्ट झालो नसतो.

गणित तरी सायन्सच ना? सगळ्या सायन्सची राणी म्हणतात.

गणित माझ्या कसोटीत बसतच नाही, आणि त्याला माझ्या कसोटीची गरजही नाही. दत्तात्रय कापरेकर ठाण्याच्याच शाळेत शिकले, पुढे देवळालीला मास्तर झाले. त्यांचा खेळ करून बघा. एमएच ०४च्या कुठल्याही रिक्षाचे शेवटचे चार आकडे घ्या, चारही एकसारखे नकोत. उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, पुन्हा तेच. समजा ३५२४: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कुठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४. चार आकडी संख्या मोजक्याच, सगळ्या तपासल्या की सिद्धता झाली.

पण दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे गोल्डबाखचं १७४२चं अनुमान चारावर अठरा शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तपासलंय, एकही अपवाद नाही. आम्हा केमिस्टांनी कधीच ‘पास’चा शिक्का मारला असता. गणिती म्हणतात, अजून सिद्ध झालेलं नाही. ही जातच वेगळी.

आयुर्वेद? होमिओपॅथी?

विषयाला नव्हे, औषधाला विचारा. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांवर तपासली आणि १९४९मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगावरच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. १९५२मध्ये तिच्यातलं रिसरपिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरलं गेलं. त्याचे दुष्परिणाम दिसले, आणखी चांगली औषधं आली, मग ते मागेही पडलं. या गोष्टीतलं सगळं मला आवडतं, मागे पडणंसुद्धा.

होमिओपॅथीत एकास शंभर असं पातळ करणं बारा वेळा झालं की मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. बाटलीवर मात्र ३० लिहिलेलं असतं. केमिस्ट म्हणून माझं बोलणं तिथे संपतं. आमच्या वहिनी घेतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

हवामान खातं नेहमी चुकतं, ते कसलं सायन्स?

नेहमी चुकत नाही, चुकलेलं तुमच्या लक्षात राहतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एका शहरात एवढा फरक, म्हणजे काम किती अवघड ते बघा. पण आज सांगितलेलं उद्या संध्याकाळी सगळ्यांसमोर तपासलं जातं, असं किती धंद्यांत होतं?

कम्प्युटर सायन्स?

थोडं गणित, बरंचसं इंजिनीअरिंग. नावात सायन्स आहे म्हणून पालक विचारतच नाहीत, हा प्रश्न मीच घातलाय.

भौतिकशास्त्र सोडलं तर बाकी सगळं पोस्टाची तिकिटं गोळा करणं आहे म्हणे?

भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डच्या नावावर हे वाक्य खपवतात. त्याला १९०८ साली नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं.

मग शेवटी मुलीनं काय घ्यावं?

हे तुम्ही मला विचारताय आणि ती बाहेर स्कूटरवर बसून फोन बघतेय. पुढच्या रविवारी तिला आत पाठवा आणि तुम्ही तलावपाळीला चक्कर मारून या.